‘माइट’ची भीती, ‘शुड’ची आशा

अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या सहीचं एक पत्र 2 ऑगस्ट 1939 या तारखेचं आहे. ते अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना लिहिलेलं. मसुदा बराचसा लिओ झिलार्ड यांचा, आणि अलेक्झांडर सॅक्स यांनी ते 11 ऑक्टोबरला रूझवेल्ट यांच्यापुढे ठेवलं. अणुबॉम्बच्या इतिहासात या पत्राचं स्थान मोठं आहे, पण इंग्रजी शिकणाऱ्याने ते निराळ्या कारणासाठी वाचावं. युरेनियमपासून ऊर्जेचा नवा स्रोत मिळेल, असं सांगताना त्यात ‘मे’ आहे. साखळी प्रक्रिया लवकरच साधता येईल हे जवळपास निश्चित, असं म्हणताना ‘कुड’ आहे. बॉम्बचा विषय निघाल्यावर हे तितकंसं निश्चित नाही, अशी आधी कबुली आहे आणि मग पुन्हा ‘मे’. बोटीतून नेऊन फोडलेला एकच बॉम्ब अख्खं बंदर उद्ध्वस्त करील, या सर्वांत भयंकर वाक्यात ‘माइट व्हेरी वेल’ येतं. आणि लगेच पुढे, असे बॉम्ब विमानातून नेण्याच्या दृष्टीने फार जड ठरतील, इथेही ‘माइट व्हेरी वेल’च.

पत्र जेमतेम दोन पानांचं, पण प्रत्येक विधानामागे लिहिणाऱ्याला किती खात्री आहे, हे त्या छोट्या क्रियापदावरून कळतं. मोठी भीती आणि त्या भीतीवरची शंका, दोन्ही एकाच मापाने तोललेल्या. ‘होईल’, ‘होईल’ असं सरसकट लिहिलं असतं तर रूझवेल्ट यांच्या हाती भविष्यवाणी पडली असती. पडला तो अंदाज, आणि तोही कुठे पक्का, कुठे कच्चा, हे सांगणारा.

ही क्रियापदं शाळेत सगळेच शिकतात. ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘मस्ट’ म्हणजे पाहिजे, ‘शुड’ म्हणजे करायला हवं. तक्ता पाठ होतो, रिकाम्या जागा भरल्या जातात, गुण मिळतात. मात्र रोजच्या इंग्रजीत या शब्दांचं निम्मं काम परवानगी आणि कर्तव्याचं नसतंच. बोलणाऱ्याला काय वाटतं, कशाची आशा आहे, कशाची धास्ती आहे, हे त्यांतून व्यक्त होतं. तक्त्याचा हा अर्धा भाग बहुतेकांच्या वहीत उतरलेलाच नसतो.

इंग्रजीत अशी मुख्य क्रियापदं नऊ: कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड. ‘ऑट टू’, ‘नीड’ आणि ‘डेअर’ उंबरठ्यावर उभी. यांतली बहुतेक फार जुनी आणि एकेकाळी पूर्ण क्रियापदं होती. ‘कॅन’चा मूळ अर्थ ठाऊक असणं, ‘मे’चा अंगात बळ असणं, ‘शॅल’चा देणं लागणं, ‘विल’चा इच्छा असणं. जुन्या इंग्रजीत ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ यांची वर्तमानकाळी रूपं मुळात भूतकाळी घडणीची होती. म्हणूनच ‘ही कॅन’ला ‘एस’ लागत नाही. पुढे त्यांना नवी भूतकाळी रूपं मिळाली ती कुड, माइट, शुड ही. ‘मस्ट’ तर स्वतःच एका हरवलेल्या क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे.

हा इतिहास कामाचा आहे, कारण त्यावर एक गैरसमज पोसला गेला आहे: ‘माइट’ हा ‘मे’चा भूतकाळ. कागदोपत्री आहे. व्यवहारात ‘इट माइट रेन’ हे उद्याच्या पावसाबद्दल असतं. इथे भूतकाळाचं रूप काळ मागे नेत नाही, बोलणाऱ्याला विधानापासून एक पाऊल दूर नेतं. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘जरा विचारायचं होतं’ असं म्हणून आपण आत्ताच विचारत असतो. ‘होतं’ तिथे काळासाठी येत नाही, संकोचासाठी येतं. इंग्रज माणूस ‘आय वॉज होपिंग यू कुड हेल्प’ म्हणतो तेव्हा तोही हेच करतो.

मराठीत खात्रीच्या पायऱ्या नाहीत असं कोणी समजू नये. ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’, ‘असेलही’, ‘असायलाच हवा’ अशी रांगच आहे. फरक इतकाच की इंग्रजीत ही छटा क्रियापदाच्या आधी स्वतंत्र शब्द म्हणून येते, मराठीत ती बहुधा प्रत्ययात किंवा एखाद्या ‘ही’, ‘च’मध्ये मुरते. शिवाय आपला विध्यर्थ भलताच बहुगुणी आहे. ‘मुलांनी लवकर उठावं’ यात कर्तव्य, ‘देवाने सुबुद्धी द्यावी’ यात इच्छा, ‘एव्हाना गाडी सुटली असावी’ यात तर्क. रूपाची घडण एक, कामं तीन. इंग्रजीत त्यांच्यासाठी अनुक्रमे ‘शुड’, ‘मे’ आणि ‘मस्ट’ किंवा ‘विल’ लागतील. म्हणून मराठी प्रत्ययाला एक ठरलेला इंग्रजी शब्द शोधणं सोडावं. त्याऐवजी स्वतःला विचारावं, की आपल्याला किती खात्री आहे आणि ती कशावरून आली.

समजा, भाचा काल रात्री मुंबईहून कोकणकन्येने निघाला. सकाळी घरात कोणी म्हणालं, ‘तो रत्नागिरीला पोचला असेल.’ या वाक्याचं इंग्रजी काय? वेळापत्रक तोंडपाठ असलेला, गाडी वेळेवर आहे हे माहीत असलेला काका म्हणेल, ‘ही विल हॅव रीच्ड’. त्याला तपासायची गरजच वाटत नाही. भाच्याने स्टेशनबाहेरच्या चहाचा फोटो पाठवलेला पाहून बहीण म्हणेल, ‘ही मस्ट हॅव रीच्ड’. तिच्या हातात पुरावा आहे आणि पुराव्यावरून ती निष्कर्षाला पोचली आहे. सगळं सुरळीत झालं असेल तर पोचायला हवा, असा हिशेब करणारी आई म्हणेल, ‘ही शुड हॅव रीच्ड बाय नाऊ’. आणि ज्याला गाडीचाही पत्ता नाही, वेळेचाही नाही, त्याच्यापुरतं ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव’ पुरे. मराठीत चौघेही ‘पोचला असेल’ म्हणून मोकळे होतील. कोणाला किती खात्री, हे आवाजावरून कळेल.

यातल्या ‘मस्ट’मध्ये एक गंमत आहे. शब्द दणदणीत, पण ‘ही मस्ट बी इन द ऑफिस’ हे साध्या ‘ही इज इन द ऑफिस’पेक्षा कमी ठाम वाटतं. डोळ्यांनी पाहिलेल्याला ‘मस्ट’ लागत नाही, तर्काने गाठलेल्याला लागतं. हे ‘मस्ट’ खरंच दुबळं की फक्त अप्रत्यक्ष, यावर भाषाशास्त्रज्ञांत वाद आहे. काई फॉन फिंटेल आणि अँथनी गिलीज यांनी 2010 साली एक निबंध लिहून ‘मस्ट’ची बाजू लढवली: ते कमजोर नाही, फक्त माहिती आडवळणाने आली आहे एवढंच ते सांगतं. वाद पंडितांचा असला तरी विद्यार्थ्याला त्यातून नियम मिळतो. स्वतः पाहिलेल्या गोष्टीला ‘मस्ट’ लावू नये.

नकारात मात्र भल्याभल्यांची फसगत होते. ‘तो घरी असणार’ला ‘ही मस्ट बी ॲट होम’, मग ‘तो घरी नसणार’ला ‘ही मस्ट नॉट बी ॲट होम’ असा सरळ हिशेब मनात होतो. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ऐकणाऱ्याला त्यातून ‘त्याने घरी असता कामा नये’ असं काहीसं ऐकू येण्याचा धोका असतो. अमेरिकेत तर्काचं ‘मस्ट नॉट’ चालतं, पण दोन्हीकडे निर्धोक वाट ‘ही कान्ट बी ॲट होम’ ही आहे. दिवे बंद, दाराला कुलूप, गाडी जागेवर नाही. ‘कान्ट’.

आणि आता ‘कॅन’. मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त चुकीच्या जागी येणारा शब्द हाच असावा. दोष ‘शकतो’चा. ‘जुलैत मुंबईत दिवसभर पाऊस पडू शकतो’ आणि ‘आज संध्याकाळी पाऊस पडू शकतो’, दोन्हीकडे आपण ‘शकतो’ म्हणतो. इंग्रजी इथे दोन वाटा करतं. पहिलं वाक्य मुंबईच्या स्वभावाबद्दल आहे, तिथे ‘कॅन’. दुसरं एका ठरावीक संध्याकाळबद्दल आहे, तिथे ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’. ‘इट कॅन रेन धिस इव्हनिंग’ ऐकताना इंग्रजीभाषकाला खटकतं, पण नेमकं काय खटकलं ते त्यालाही चटकन सांगता येत नाही. हाच भेद माणसांनाही लागू. ‘ही कॅन बी रूड’ म्हणजे हा मधूनमधून उद्धट वागतो, स्वभावच तसा. ‘ही माइट बी रूड’ म्हणजे उद्याच्या बैठकीत तो उद्धटपणा करील की काय, ही शंका.

आतापर्यंतचं सगळं विश्वासाबद्दल झालं. आशा आणि भीती यांत इंग्रजी अधिक बारीक काम करतं, आणि त्याची खूण ‘शुड’मध्ये सापडते.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणतात, ‘यू शुड बी वॉकिंग बाय मंडे’. सोमवारपर्यंत चालायला लागाल. अगदी स्वाभाविक वाक्य. पण ‘यू शुड हॅव अ फीवर टुनाइट’ असं कोणताही डॉक्टर सहज म्हणणार नाही, ताप येण्याची शक्यता कितीही जास्त असली तरी. तिथे ‘यू मे हॅव अ फीवर’ येईल. अंदाजाच्या ‘शुड’मध्ये घडावंसं वाटणाऱ्या गोष्टीचा कल दडलेला असतो, हे व्याकरणकारांनी नोंदवलेलं आहे. विमान ‘शुड लँड’, पण ‘शुड क्रॅश’ नाही. पास होणं ‘शुड’, नापास होणं ‘माइट’. अपवाद सापडतात, पण गंभीर कागद वाचताना हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. औषधाच्या डबीतल्या चिठ्ठीवर नको असलेल्या परिणामांपुढे ‘मे कॉज’ असतं. ते ‘विल’ नाही, म्हणजे प्रत्येकाला होईलच असं नाही. आणि ते ‘कान्ट’ही नाही, म्हणजे निष्काळजी राहून चालणार नाही. घाबरून औषध बंद करणारे आणि चिठ्ठी न वाचताच फेकणारे, दोघेही त्या ‘मे’चा अर्थ लावायला चुकलेले असतात.

भीतीसाठी जुन्या इंग्रजीतला एक खास शब्द आजही पुस्तकांत भेटतो: ‘लेस्ट’. त्याच्यामागे ‘शुड’ येतं, आणि हे ‘शुड’ आशेचं अजिबात नाही. ‘अमुक होऊ नये म्हणून’ हा सगळा अर्थ ‘लेस्ट’च्या पोटात आहे. आपल्या ‘होऊ नये’मधला नकार डोक्यात घोळत असल्याने मराठी लेखणी ‘लेस्ट ही शुड नॉट फॉल’ लिहून बसते आणि अर्थ उलटतो, जणू तो पडला नाही तर काय, याची चिंता. नकार काढून टाकावा. त्याहून बरं म्हणजे बोलताना ‘लेस्ट’च काढून ‘इन केस’ वापरावं. फक्त ‘इन केस’ आणि ‘इफ’ यांची गल्लत नको. ‘पाऊस आला तर छत्री घे’ यात छत्री पावसानंतर. ‘पाऊस आला बिला तर असावी म्हणून छत्री घे’ यात छत्री आधी. पहिलं ‘इफ’, दुसरं ‘इन केस’. विम्याच्या आणि प्रवासाच्या कागदांत हा फरक पैशांचा होऊ शकतो.

‘आय ॲम अफ्रेड’चं प्रकरण वेगळं. त्यात बहुतेक वेळा कोणी घाबरलेलं नसतं. दुकानदार ‘आय ॲम अफ्रेड वी आर क्लोज्ड’ म्हणतो तेव्हा त्याला ‘माफ करा, बंद झालंय’ एवढंच सांगायचं असतं. चित्रपटांच्या भाषांतरित संवादांत दर दहा मिनिटांनी कुणीतरी ‘मला भीती वाटते की’ म्हणत असतं ते यामुळेच. खरी धास्ती सांगायची तर ‘अफ्रेड’नंतर ‘मे’ किंवा ‘माइट’ येऊ द्यावं.

होऊन गेलेल्या धोक्याबद्दल बोलताना तर एका शब्दावर माणसाचं जगणं-मरणं ठरतं. ‘ही कुड हॅव बीन किल्ड’ म्हणजे मरता मरता वाचला. ‘ही मे हॅव बीन किल्ड’ म्हणजे गेला असावा, अजून कळलेलं नाही. बचावाचं जाकीट न घातल्याने बुडालेल्या माणसाबद्दल लिहिताना ‘द जॅकेट माइट हॅव सेव्हड हिम’ बरोबर, कारण तो वाचला नाही हे ठाऊक आहे. तिथे ‘मे हॅव’ लिहिलं तर वाचकाला वाटेल की तो कदाचित जिवंत असेल. इंग्रजी वृत्तपत्रांतही ही चूक होते, म्हणून शैलीपुस्तिका ‘मे’ आणि ‘माइट’वर नोंद घालतात. परदेशातल्या अपघाताची बातमी वाचताना मराठी पत्रकारांनी हा शब्द दोनदा तपासलेला बरा.

आशेकडे वळलं की दोन क्रियापदांचं भांडण सुरू होतं: ‘होप’ आणि ‘विश’. होण्याची शक्यता दिसते तिथे ‘होप’, आणि त्यापुढे ‘विल’ किंवा साधा वर्तमानकाळ. ‘आय होप यू विल कम’. ‘विश’ मात्र वास्तव तसं नाही हे मान्य करून बोलतं, म्हणून त्याच्यामागे भूतकाळी रूपं लागतात. ‘आय विश आय कुड स्विम’, म्हणजे पोहता येत नाही. शुभेच्छापत्रावर ‘आय विश यू विल गेट वेल सून’ लिहिणाऱ्यांनी ‘होप’ घ्यावं. ‘आय विश यू वुड’ तर सांभाळूनच वापरावं. ‘आय विश यू वुड लिसन’ ही शुभेच्छा नव्हे, ती ‘ऐकशील तर शपथ’च्या सुरातली तक्रार आहे.

खऱ्याखुऱ्या आशीर्वादासाठी इंग्रजी ‘मे’ला वाक्याच्या तोंडाशी आणतं. ‘मे यू बोथ बी हॅपी’. आपल्या ‘सुखी होवोत’, ‘उदंड आयुष्य लाभो’ यांच्याशी याचं छान जमतं, दोन्हीकडे सूर समारंभाचाच. लग्नपत्रिकेत शोभतं, ऑफिसच्या ईमेलमध्ये मिरवल्यासारखं दिसतं.

एवढ्या छटा असूनही ‘माइट’ म्हणजे नक्की किती, हे शब्द सांगत नाहीच. शर्मन केंट हे पुढे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत अंदाज बांधणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले. 1951 साली युगोस्लाव्हियावरच्या संभाव्य आक्रमणाबद्दलच्या अहवालात त्यांच्या मंडळाने ‘गंभीर शक्यता’ अशा अर्थाचे शब्द वापरले. केंट यांच्या मनात आक्रमण होण्याच्या बाजूने 65 विरुद्ध 35 असं प्रमाण होतं. सहकाऱ्यांना विचारलं तर कोणाच्या मनात 80 ला 20, कोणाच्या 20 ला 80. सगळ्यांनी एकाच वाक्याला मान्यता दिली होती! केंट यांनी 1964 मध्ये यावर लेख लिहून शब्दांना आकडे जोडायचा आग्रह धरला.

आकडे जोडले तरी सगळे एकच आकडे जोडतात असं नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के शक्यता. भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी अंदाजपत्रकांत तोच शब्द 25 ते 50 टक्क्यांसाठी येतो, त्यावर ‘व्हेरी लाइकली’ 75 पर्यंत आणि त्यापुढे ‘मोस्ट लाइकली’. म्हणजे एकीकडचं ‘लाइकली’ म्हणजे बहुतेक होणार, दुसरीकडचं म्हणजे न होण्याचीच शक्यता अधिक. डॉक्टर, वकील किंवा गुंतवणुकीचा सल्लागार ‘माइट’ म्हणाला तर शंभरातल्या किती जणांच्या बाबतीत, हे विचारायला लाजू नये.

राहिलं आपलं कचेरीचं इंग्रजी. ‘द फाइल मे बी पुट अप’ हे भारतीय सरकारी टिपणीत शक्यता नसते, हुकूम असतो. देशाबाहेरच्या वाचकाला ते कळत नाही. तसंच ‘वुड’. ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’ हे आपल्याला नम्र वाटतं. लंडनमधला वाचक पुढच्या ‘इफ’ची वाट पाहतो: होईल, पण कशावर अवलंबून? ठरलेल्या गोष्टीला ‘विल’ लावावं, त्याने उद्धटपणा होत नाही. उलट ‘यू मस्ट सेंड धिस टुडे’ मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त टोचतं. जेफ्री लीच आणि सहकाऱ्यांनी 1961 आणि 1991 च्या छापील ब्रिटिश इंग्रजीचे सारख्या आकाराचे संग्रह ताडून पाहिले, तेव्हा या क्रियापदांचा वापर एकूण सुमारे 10 टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि ‘मस्ट’, ‘मे’, ‘शॅल’ यांची घसरण त्याहून मोठी होती. त्याच काळात ‘नीड टू’ वाढलं. म्हणून परदेशी सहकाऱ्याला लिहिताना ‘कुड यू सेंड धिस टुडे?’ पुरतं, आणि खरोखरच नियमाची अट असेल तेव्हा ‘यू नीड टू’. ‘मस्ट’ मग तर्कासाठी मोकळं राहतं: दोन दिवस उत्तर आलं नाही तर ‘यू मस्ट बी बिझी’ अशी सुरुवात करायला.